भिंत पुसण्याआधी तिच्यावर कोणता रंग आहे ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्वतःचा फ्लॅट, चार वर्षांपूर्वी रंगकाम झालेलं, रंगारी तेव्हा म्हणाला होता, “प्लास्टिक मारलंय.” हॉलमध्ये मुलीने काढलेल्या क्रेयॉनच्या रेघा, सोफ्यामागे डोक्याच्या तेलाचे पट्टे, स्विचबोर्डाभोवती हातांचे काळपट डाग. स्वयंपाकघरात शेगडीजवळची भिंत पिवळट आणि चिकट. बेडरूमच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यानंतर काळे ठिपके. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी करून हॉलची भिंत पुसायला घेतलीत, तर फडकं क्रीम रंगाचं झालं आणि भिंतीवर पांढरट, चकचकीत ठिगळ उमटलं. आता पुढे पुसावं की थांबावं, आणि दिवाळीआधी सगळं घर पुन्हा रंगवावं लागणार का, हे तुम्हाला हवं आहे.

तूर्त थांबा. सगळं घर रंगवावं लागेल असं मला वाटत नाही, पण सगळ्या भिंती एकाच पद्धतीने पुसायला गेलात तर मात्र ती वेळ येईल. डाग कसला आहे हे प्रत्येक जण सांगतो. रंगकामाच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मी आधी विचारतो ते डागाखालचा रंग कसला आहे. क्रेयॉनची तीच रेघ एका भिंतीवरून दोन मिनिटांत निघते आणि दुसऱ्या भिंतीवरून रंगासकट निघते.

आपल्याकडच्या घरांत भिंतींवर साधारण चार प्रकार सापडतात. जुन्या घरांत चुना. मग डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवून मारायचा स्वस्त, खडूसारखा रंग, जो भाड्याने द्यायच्या फ्लॅटमध्ये आणि बिल्डरने ताबा देताना मारलेल्या रंगात अजूनही भरपूर असतो. तिसरा इमल्शन, ज्याला लोक ‘प्लास्टिक पेंट’ म्हणतात. आणि चौथा ऑइल पेंट, जो जुन्या स्वयंपाकघरांत, जिन्यात, बाथरूमच्या वरच्या भागात दिसतो. इमल्शनमध्येही स्वस्तापासून महागापर्यंत पायऱ्या आहेत, आणि पुसण्याच्या बाबतीत खरा फरक तिथेच पडतो. रंगाची पूड भिंतीला धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, त्याला आम्ही बाइंडर म्हणतो. स्वस्त रंगात खडूसारखी भर जास्त आणि बाइंडर कमी. पाणी लागलं आणि वरून घासलं की पूड सुटून फडक्यावर येते. महागड्या, किंचित चमक असलेल्या इमल्शनमध्ये बाइंडरचा सलग पापुद्रा तयार झालेला असतो, म्हणून ते पुसणं सहन करतात. रंगारी ‘प्लास्टिक’ म्हणाला एवढ्यावरून यातलं काहीच कळत नाही. डबा ठेवला असेल तर त्यावरचं नाव बघा.

डबा नसेल तर चाचणी करा. कपाटामागे किंवा दाराच्या मागे, खालच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढी जागा निवडा. पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने दहाबारा वेळा फिरवा. आधी कोरडं बोट फिरवलं तेव्हाच पूड लागली असेल तर चुना किंवा साधा कोरडा डिस्टेंपर समजा. ओल्या फडक्यावर भिंतीचा रंग स्पष्ट आला तर डिस्टेंपर किंवा अगदी हलकं इमल्शन. फडक्यावर फक्त मळ आला आणि भिंत वाळल्यावर पूर्वीसारखीच दिसली तर पुसण्याजोगं इमल्शन. ऑइल पेंट आहे की इमल्शन असा घोळ असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट (अल्कोहोलचं) घेऊन घासा. इमल्शन मऊ पडून कापसाला लागतं, ऑइल पेंटला काही होत नाही. निकाल बघायची घाई करू नका. ओली भिंत नेहमी गडद दिसते, पंखा लावून तास दोन तास पूर्ण वाळू द्या.

आता तुमचं ठिगळ. यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिली शक्यता, ते पांढरं म्हणजे नुसती वाळलेली पावडर आहे. कपड्याच्या पावडरमध्ये सोडा आणि क्षार असतात, ते भिंतीवर राहतात. स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने अगदी हलके टिपून घ्या आणि वाळल्यावर पाहा, गेलं तर प्रश्न मिटला. दुसरी शक्यता, समोरून पाहताना काही दिसत नाही, पण खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं की चकाकतं. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगावर जोरात घासलं की त्याचा खरखरीत पृष्ठभाग घोटला जातो. ही चमक मागे फिरत नाही, पण ती दिसेल न दिसेल अशी असते आणि समोर सोफा आला की लक्षातही येत नाही. तिसरी शक्यता, रंगाचा थर झिजून खालचा प्रायमर (रंगाआधीचा पायाचा हात) किंवा लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी) उघडी पडली आहे. तुमचं फडकं क्रीम झालं, त्यामुळे मला याचीच जास्त शंका आहे. तसं असेल तर हॉलला डिस्टेंपर किंवा हलकं इमल्शन आहे असं धरून चला, आणि त्या भिंतीवर यापुढे साबण, पावडर काही नाही.

मग अशा भिंतीचं करायचं काय? कोरडी सफाई. लोक हिला कमी लेखतात, पण बऱ्याच हॉलच्या भिंती मळलेल्या नसतात, धुळीने मेलेल्या असतात. आधी पंखा पुसून घ्या, नाहीतर झटकलेल्या भिंतीवर पुन्हा त्याचीच धूळ बसेल. मग लांब काठीच्या कुंच्याला मऊ सुती कापड गुंडाळून बांधा आणि छतापासून खाली या. जळमटं दाबून पुसू नका, कुंचा खालून वर नेत उचलून घ्या. दाबलं की त्यांची काळी रेघ भिंतीत बसते आणि मग ती काढायला पाणी लागतं. कापड प्रत्येक भिंतीनंतर गॅलरीत झटका. हातांचे डाग, पेन्सिल, खुर्चीच्या पाठीची घासलेली रेघ यांना पांढरं मऊ खोडरबर चालतं, दर दोनचार हातांनी रबर स्वच्छ कागदावर घासून घ्यायचं. देवघराच्या वर निरांजनाची, उदबत्तीची काजळी असते. तिला ओलं फडकं लावलंत की काळा चिखल होऊन पसरतो. तिथे आधी मऊ ब्रशने काजळी झटका, मग पावाचा आतला मऊ भाग गोळा करून टिपत जा. काळा झाला की टाकून दुसरा घ्या. जुनी पद्धत आहे आणि साध्या डिस्टेंपरवरसुद्धा चालते. चुरा मात्र त्याच वेळी झाडून काढा, मुंग्या येतात.

स्वयंपाकघर आणि बेडरूमच्या भिंती चाचणीत पास झाल्या तर त्या धुता येतील. धुता येतील म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतील, पाणी मारायचं नाही. रंगाखाली लांबी असते, आणि पुष्कळ घरांत ती खडूच्या पुडीची असते. खिळ्याच्या भोकातून किंवा केसासारख्या चिरेतून पाणी आत गेलं की लांबी मऊ होते, रंगाला फुगा येतो आणि पुढे पोपडा सुटतो. नव्या टॉवरमध्ये तर सिमेंटच्या गिलाव्याऐवजी जिप्समचा गिलावा असतो, त्याचं आणि पाण्याचं अजिबात जमत नाही. पीओपीच्या छताला ओलं फडकं लावूच नका.

दोन बादल्या घ्या. एकीत अर्धी बादली कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड एक छोटा चमचा. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असं नसतं, राहिलेला साबण चिकट होतो आणि महिन्याभरात धूळ ओढून घेतो. दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडकी पांढरी किंवा फिकट सुती. जुने बनियन उत्तम. लाल, निळ्या कापडाचा रंग भिंतीला लागतो. खाली जुनी चादर पसरा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या लादीला लागते. ज्या भिंतीवर बोर्ड आहेत त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडायचा खटका) आधी पाडा. बोर्डावर काहीही फवारायचं नाही, जवळजवळ कोरड्या फडक्यानेच पुसायचं.

फडकं इतकं पिळा की भिंतीला टेकवल्यावर एकही ओघळ येणार नाही. कामात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एका वेळी तीन बाय तीन फुटांचा तुकडा घ्या आणि खालून वर जा. झटकताना वरून खाली आणि पुसताना खालून वर, हे ऐकून अनेकांना उलटं वाटतं. कारण असं आहे: वरून सुरुवात केली तर साबणाचं मळकं पाणी खालच्या कोरड्या, धुळकट भिंतीवर ओघळतं, आणि कोरड्या मळावर उमटलेले ते ओघळ नंतर पुसूनही जात नाहीत. खालचा भाग आधीच ओला आणि स्वच्छ असेल तर ओघळ तिथे धरत नाही, सहज टिपला जातो. साबणाचा हात झाला की लगेच साध्या पाण्याचा हात, मग कोरड्या फडक्याने टिपणं, आणि मग शेजारचा तुकडा. पाणी मळलं की बदला.

एक भिंत घेतली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुरी करा. चार वर्षांत भिंतीवर सगळीकडे सारखा मळ बसलेला असतो आणि डोळ्याला तोच तिचा रंग वाटतो. फक्त डागाभोवती पुसलंत तर डाग जाईल, पण मध्ये उजळ वर्तुळ राहील. लोक त्याला रंग गेला समजून घाबरतात. कोपऱ्यात थांबलं की दोन भिंतींतला फरक दिसत नाही, कारण दोन भिंतींवर उजेडच वेगळा पडतो.

शेगडीजवळच्या चिकट पिवळेपणाला वर सांगितलेलं पाणी पुरणार नाही. तिथे लिक्विडचं प्रमाण दुप्पट करा, पाणी गरम घ्या आणि फडकं भिंतीवर मिनिटभर नुसतं दाबून धरा. फोडणीच्या तेलाची वाफ भिंतीवर बसून घट्ट झालेली असते, तिला सुटायला वेळ लागतो. जोर लावण्यापेक्षा वेळ दिलेला बरा. ऑइल पेंट असेल तर धुण्याच्या सोड्याचा मोह टाळा, तो तेलासोबत रंगाची चमकही खातो. हळदीचा डाग असेल तर साबण लागताच तो कुंकवासारखा लाल होईल. घाबरू नका, साबणातल्या अल्कलीमुळे हळदीचा रंग बदलतो, साध्या पाण्याने पुसलं की परत पिवळा होतो. राहिलेल्या पिवळ्यावर केमिस्टकडे मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावून पाहा, आधी कोपऱ्यात चाचणी करून. शिवाय हळद उजेडाने फिकी पडते, त्यामुळे खिडकीजवळचा डाग थोड्या दिवसांत आपोआप उतरतो.

क्रेयॉन म्हणजे मेण. पुसण्याजोग्या भिंतीवर ओल्या फडक्याच्या टोकाला चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन रेघेवरून, रेघेच्याच दिशेने, बोटाने फिरवा. गोल गोल घासू नका, रेघ तीन इंच रुंद होते. बाजारात तो पांढरा ‘मॅजिक’ स्पंज मिळतो. तो काम करतो, पण तो प्रत्यक्षात अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. मॅट रंगावर वापरलात तर तुमच्या हॉलमध्ये झालं तेच ठिगळ इथेही होईल. बॉलपेनला स्पिरिट किंवा सॅनिटायझर सुचवतात, पण वर चाचणीत सांगितलं तसं स्पिरिट इमल्शनलाच विरघळवतं. एकदोन टिपांत निघालं तर ठीक, नाहीतर सोडून द्या. तुमच्या हॉलच्या भिंतीवरची क्रेयॉन मात्र कोरड्या खोडरबराने जेवढी फिकी होईल तेवढीच होणार.

सोफ्यामागचे तेलाचे पट्टे हे या सगळ्यात अवघड. खोबरेल तेल लावून भिंतीला टेकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि डिस्टेंपर ते तेल शोषून घेतो. वर राहिलेलं तेल निघतं, आत मुरलेलं पुसून निघत नाही. टाल्कम पावडरमध्ये थोडं स्पिरिट घालून घट्ट लेप करा, पट्ट्यावर दोनतीन मिलिमीटर जाड लावा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी ब्रशने झाडा. पावडर तेल ओढून घेते. दोनतीनदा केल्यावर डाग निम्मा उतरतो, पूर्ण जाईल असं आश्वासन मी देणार नाही. हलक्या इमल्शनवर स्पिरिटऐवजी नुसती कोरडी पावडर कापसाने दाबून ठेवा.

आता बेडरूमचे काळे ठिपके. ते मळाच्या यादीत धरायचेच नाहीत. ती बुरशी आहे, आणि पुसायच्या आधी तिला ओल कुठून मिळते हे कळायला हवं. पातळ प्लास्टिकचा फूटभर चौकोन त्या जागेच्या शेजारी चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे: पलीकडे बाथरूम आहे का, बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे का, पाइप जातो का, ते पाहा. बाहेर, खोलीच्या बाजूला दव धरलं किंवा कुठेच काही नाही, तर खोलीतली दमट हवा कारणीभूत आहे. मुंबई-ठाण्यात, कोकणात पावसाळाभर हवाच इतकी ओली असते की बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी येतेच. कपाट चारपाच इंच पुढे ओढलं आणि खिडकी रोज उघडली तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. ओल भिंतीतून असेल तर गळती बंद करणं आधी, भिंत वाळणं मग, आणि सफाई शेवटी. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठी चांगलं.

बुरशी कोरडी झाडू नका, ती घरभर उडते. हातमोजे आणि मास्क घाला, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. घरगुती ब्लीच लिक्विड एक भाग आणि पाणी दहा भाग असं करून फडक्याने लावा, दहा मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने पुसा. गडद रंगाच्या भिंतीवर आधी कोपऱ्यात पाहा, ब्लीच रंग उडवतं. आणि कृपा करून ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर त्यात पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही नको.

काळ्याऐवजी पांढरी, मिठासारखी पूड कुठे दिसली तर ती बुरशी नाही, लोणा आहे. तो धुवायचा नाही. पाण्यात क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि वाळताना पुन्हा बाहेर फुटतात. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून टाका. तोही ओलीचाच पुरावा आहे.

तुमचा फ्लॅट नवा दिसतो, पण हे वाचणाऱ्या चाळीतल्या आणि जुन्या वाड्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट. जुना ऑइल पेंट डाग जावेत म्हणून कोरडा घासू नका, खरवडू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. तिथे फक्त ओलं पुसणं, आणि पोपडे सुटत असतील तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवून जाणकाराकडून काम करून घेणं.

राहिला प्रश्न पुन्हा रंगवण्याचा. तुमच्या वर्णनावरून मी स्वयंपाकघर आणि बेडरूम पुसून भागवीन आणि हॉलमधली सोफ्यामागची एकच भिंत रंगवीन. ठिगळापुरता टचअप करू नका. उरलेला जुना रंग असला तरी चार वर्षांत भिंतीचा रंग उतरलेला असतो, तुकडा वेगळा दिसतो. कोपरा ते कोपरा पूर्ण भिंत घ्या. दहा बाय नऊ फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी सव्वा ते दीड लिटर इमल्शन पुरतं. मुलगी लहान आहे, तर त्या एका भिंतीला तरी किंचित चमक असलेलं, धुता येणारं इमल्शन मारा. तेलाच्या पट्ट्यांवर आधी ऑइल प्रायमरचा हात हवाच, नाहीतर कितीही हात मारले तरी तेल वर येऊन तोच पट्टा परत दिसेल. हा प्रायमर रंगारी आपणहून मारेलच असं नाही, तुम्ही उभं राहून सांगा. डब्याच्या झाकणावर शेड नंबर आणि बेसची (शेड ज्यात मिसळतात त्या मूळ रंगाची) चिठ्ठी असते, तिचा फोटो काढून ठेवा.

नवी भिंत हाताला तासाभरात कोरडी लागते, पण रंग आतून पक्का व्हायला साधारण महिना लागतो. तोवर तिला ओलं फडकं लावू नका, सोफाही वीतभर पुढे ठेवा. याच काळात दमट हवेमुळे भिंतीवर पिवळट, साबणासारखे चिकट ओघळ दिसले तर ते रंगातलेच घटक वर आलेले असतात. महिना उलटल्यावर साध्या पाण्याच्या फडक्याने ते निघून जातात, त्यासाठी रंगाऱ्याला पुन्हा बोलावायची गरज नाही.